हिशेब मिटवून पाठवलेली मुलं

पाच-सहा वर्षांच्या मुलाचा वाढदिवस जवळ आला की शहरातल्या मराठी घरांत दोन याद्या होतात. एक बोलवायच्या मुलांची, दुसरी त्या मुलांना जाताना काय द्यायचं याची. पहिली चहा पिता पिता होऊन जाते. दुसरीसाठी आई रात्री ओटा आवरल्यावर मोबाइल घेऊन बसते, 'बारा नग', 'चोवीस नग' असं चाळत राहते, मध्येच नवऱ्यासमोर फोन धरून "हे बरंय का?" विचारते आणि तो मान वर न करता "छान आहे" म्हणतो. कुठल्या रंगाचं, कितीपर्यंतचं, मुलींना वेगळं घ्यायचं का, या सगळ्यावर खल होतो. रिटर्न गिफ्ट द्यायचंच का, एवढा एक प्रश्न मात्र कुणी काढत नाही. तो काढावा आणि त्यावर 'नाही' असं ठरवावं, असं माझं मत आहे.

ही पिशवी एकदा सतरंजीवर ओतून बघावी. कार्टून छापलेला एक पारदर्शक पाऊच असतो, त्याची चेन दुसऱ्यांदा ओढली की हातात येते. आत फळाच्या वासाचं खोडरबर, ते पुसण्यापेक्षा फासतंच जास्त. शार्पनरमध्ये घालावी तितकं शिसं तुटत जाणारी पेन्सिल. टोकाला लोकरीचा गोंडा असलेलं पेन. स्लाइमची डबी, ती तिसऱ्या दिवशी सोफ्याच्या कापडात मुरते. बटण दाबलं की लुकलुकणारी अंगठी. आणि दोन चॉकलेटं, जी लिफ्ट तळमजल्यावर पोचेपर्यंत संपतात. पिशवीतला कामाचा ऐवज काय तो तेवढाच. मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीत हा माल डझनावर मिळतो आणि हल्ली तर घरपोच येतो. एका पिशवीचे दीडशे धरले आणि मुलं वीस धरली, तर तीन हजार रुपये झाले. ते तीन हजार आठवडाभरात अभ्यासाच्या टेबलाच्या खणात जातात आणि दिवाळीच्या आवराआवरीत कचऱ्याच्या डब्यात.

लुकलुकणाऱ्या अंगठीबद्दल मात्र थोडं थांबून बोललं पाहिजे. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणं १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. मी पाहिलेल्या पिशव्यांतल्या किरकोळ खेळण्यांवर ते क्वचितच दिसलं. त्या अंगठीत बटणाएवढा चपटा सेल असतो. असा सेल लहान मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोनेक तासांत आतून गंभीर भाजू शकतं. पार्टीला सहा वर्षांचा दादा जातो आणि पिशवी घरी रांगणाऱ्या बहिणीच्या हाती लागते, हे आपल्या घरांत रोजचं आहे. तेव्हा बाकी काही पटो न पटो, सेलवर चालणारी फुटकळ खेळणी तरी वाटू नका.

कचरा आणि धोका हे मुद्दे मी इथेच सोडते, कारण त्यांना उत्तरं आहेत. कुणी म्हणेल, आम्ही प्लॅस्टिक देणारच नाही. बियांच्या पेन्सिली देऊ, तुळशीचं रोप देऊ, सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी देऊ. उत्तम वस्तू आहेत. माझा आक्षेप तरीही राहतो, कारण तो पिशवीतल्या मालाबद्दल नाहीच. दारातून बाहेर पडताना मुलाच्या हातात ती पिशवी दिली जाते तेव्हा दोन घरांमध्ये जे घडतं, त्याबद्दल आहे.

मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा भेटवस्तूंवरचा निबंध १९२५ साली प्रसिद्ध झाला. जगभरच्या अनेक समाजांचे दाखले देत त्यानं मांडलं, की भेट कधीच नुसती भेट नसते. देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनं तिला चिकटून येतात. पुढे पिएर बूर्दिअ या दुसऱ्या फ्रेंच अभ्यासकानं त्यात एक महत्त्वाची भर घातली. घेणं आणि परत करणं यांच्यात वेळ जावा लागतो, असं तो म्हणतो. लगेच परत करणं म्हणजे घेतलेलं नाकारल्यासारखंच आहे. हे कळायला आपल्याला खरं तर पॅरिसपर्यंत जायची गरज नाही. आपल्याकडे आहेराची वही होती. लग्नघरात एक हिशेबी काका कोपऱ्यात बसून नाव, गाव, रक्कम लिहून घेत. ती वही मग ट्रंकेत जाई आणि आठ-दहा वर्षांनी त्या माणसाच्या घरी कार्य निघालं की बाहेर येई. "त्यांनी आपल्या शालूच्या लग्नात एकवीस घातले होते, आता एकावन्न तरी घालायला हवेत." मधल्या काळात त्या दोन घरांत एक देणं शिल्लक असे, आणि त्या देण्यापायी ती दोन घरं एकमेकांना विसरत नसत. आहेर करणाऱ्याला त्याच मांडवात, त्याच संध्याकाळी कुणी तेवढीच रक्कम पाकिटात घालून परत दिली असती, तर तो जन्माचा रुसला असता.

या वहीचं गुणगान करायचं माझ्या मनात नाही. तिच्या धाकानं लोकांनी कर्ज काढून आहेर केले आहेत. टॉवेल-टोप्या आणि ब्लाउजपीस या घरातून त्या घरात, घडी न मोडता, वर्षानुवर्षं फिरत राहिले आहेत. (एखादा ब्लाउजपीस आपल्याच घरी परत आल्याची हकिगत प्रत्येक कुटुंबात असते आणि ती सांगताना सगळ्यांना सारखाच आनंद होतो.) तरी त्या रीतीत एक शहाणपण होतं: परतफेड आज नको, तुमच्या कार्याला करू.

मुलांच्या वाढदिवसाला ही परतफेड आयतीच मिळत असते. आज मी तुझ्याकडे आलो, तुझा केक खाल्ला, तुझे फुगे फोडले, तुला एक खेळ आणून दिला. ऑक्टोबरात तू माझ्याकडे ये. सहा वर्षांच्या मुलाला हे सहज कळतं. "माझ्या बड्डेला तू येणार आहेस ना?" असं तो चार महिने आधीपासून विचारत सुटतो, ते उगीच नव्हे. आपण मोठी माणसं मध्ये पडतो आणि साडेआठ वाजता दारातच सगळं चुकतं करून टाकतो. दोनशेचा खेळ आला, दीडशेची पिशवी गेली. हॉटेलात बिल देऊन बाहेर पडावं तसं ते मूल आपल्या घरातून बाहेर पडतं. कुणाचं कुणाकडे काही राहिलं नाही.

यात आणखी एक गोष्ट आपण करतो, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आलेली भेट आपण देणाऱ्यासमोर उघडत नाही. मूल दारात येतं, चकचकीत कागदातली वस्तू वाढदिवसाच्या मुलाच्या हातात देतं, ती क्षणात त्याच्या आईच्या हातात जाते आणि तिथून आतल्या खोलीतल्या पलंगावर. पाहुणे गेल्यावर रात्री कागद फाडले जातात, कुणी काय दिलं याचं एक टिपण निघतं, दोन-तीन वस्तू 'द्यायला होतील' म्हणून न उघडताच कपाटाच्या वरच्या फळीवर सरकतात. ज्या मुलानं ती भेट आणली, दुकानात "हा निळा नको, त्याला लाल आवडतो" म्हणून हट्ट केला, त्याला ती उघडताना मित्राचा चेहरा कसा झाला हे कधीच दिसत नाही. देण्यात जी मजा असते ती तिथेच असते, आणि नेमकी तीच आपण वगळतो. तिच्या बदल्यात त्याला पाऊच देतो. अमेरिकेतल्या मराठी घरांतही 'गुडी बॅग' असतेच, पण तिथल्या पद्धतीप्रमाणे पुष्कळ घरांत मुलाला नंतर बसवून आभाराच्या चार ओळी लिहायला लावतात. तेवढं तरी उसनं घ्यायला हरकत नव्हती. आपण पिशवी तेवढी उचलली.

मुलांना काय आवडतं, हा प्रश्न राहतोच. रिटर्न गिफ्ट मुलांना आवडतं, यात शंका नाही. पण १९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग इथे आठवतो. चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र झाल्यावर अचानक ते दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे काही दिवसांनी, कुणी काही सांगत नसताना, आधी कबूल केलेलं बक्षीस मिळवलेली मुलं चित्रांकडे कमी वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. मित्राकडे खेळायला जाणं हे बालवाडीतलं चित्र नव्हे, हे मान्य. तरी केक कापायच्या आधीच "काकू, रिटर्न गिफ्ट काय आहे?" असं विचारणारं मूल मी पाहिलं आहे, आणि काकूंनी ओशाळून "सरप्राइज आहे" म्हटल्यावर "मागच्या वेळी अर्णवकडे पाण्याची बाटली होती" असं सांगणारंही तेच. पोरगं आगाऊ नव्हतं. मित्राच्या घरी येण्याचा मोबदला असतो, हे आपणच दर महिन्याला त्याला शिकवलं होतं.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "आपल्या संस्कृतीत हे आहेच की. संक्रांतीचं वाण काय वेगळं आहे?" वेगळं आहे. हळदीकुंकवाला येणारी बाई काही घेऊन येत नाही. यजमानीण देते आणि ती घेते, बस. पुढच्या आठवड्यात, रथसप्तमीच्या आत, तिच्याकडे हळदीकुंकू असतं आणि तेव्हा देणारी ती असते. त्याच बैठकीत फेडाफेड होत नाही. बोरन्हाणाचं तर याहून छान आहे. काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, बत्तासे ओततात आणि भोवतीची मुलं त्यावर तुटून पडतात. कुणाला किती मिळालं हे कुणी मोजत नाही, नावाची चिठ्ठी लावलेली पिशवी नसते, लाजरं पोर कमी वेचतं आणि दांडगट पोर जास्त, मग आजी दांडगटाच्या मुठीतलं थोडं काढून लाजऱ्याच्या ओंजळीत घालते. भोंडल्याची खिरापतही अशीच. डबा हलवून, वास घेऊन ओळखायची, ओळखता आली नाही की चिडवून घ्यायचं आणि तिथल्या तिथे खाऊन टाकायची. काय मिळणार हे ठाऊक नसणं हाच तिथला खेळ असतो. वाणाचंही आता बाजारानं वाटोळं करत आणलं आहे, बोरन्हाणात बोरांच्या जागी किटकॅट पडू लागली आहेत, हे खरं. पण परंपरेचा दाखला द्यायचाच असेल तर ती आपल्याला खाऊ घाला, लुटू द्या, एवढंच सांगते. दारात उभं राहून नावावर खूण करत पिशव्या वाटा, असं ती कुठेच सांगत नाही.

मग जुने वाढदिवस बरे होते का? पाटाभोवती रांगोळी, औक्षण, शिरा, आणि शाळेत वाटायला लिमलेटच्या नाहीतर रावळगावच्या गोळ्या. त्या वाटण्यात एक चांगलं होतं: वाटायचं स्वतःच्या हातानं. एक मित्र सोबत घ्यायचा, बाईंना दोन गोळ्या द्यायच्या, शेजारच्या वर्गात जायची परवानगी मिळाली तर त्या दिवशी राजेपद. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली दोन वर्षांखालच्या मुलांना खाऊ देऊन त्यातला थोडा एका बाहुल्याला द्यायला लावला, तेव्हा घेतानापेक्षा देताना ती मुलं जास्त खुललेली दिसली. आजच्या पार्टीत हे सुख मुलाच्या वाट्याला येत नाही. पिशव्या आई वाटते. मूल तोवर नव्या खेळण्यात गुंतलेलं असतं नाहीतर झोपेला आलेलं. पण त्या गोळ्यांनाही दुसरी बाजू होती. कुणी मोठं चॉकलेट वाटे, कुणी साधी गोळी, आणि कुणी वाढदिवसाच्या दिवशी शाळेतच येत नसे. न येणाऱ्याचं कारण सगळ्या वर्गाला ठाऊक असे. बऱ्याच शाळांनी आता वाटप बंद करून फक्त रंगीत कपड्यांना परवानगी ठेवली आहे, ते मला योग्य वाटतं.

रिटर्न गिफ्टच्या बाजूनं सर्वांत वजनदार मुद्दा मला एका ओळखीच्या घरी ऐकायला मिळाला. "आमच्या मावशींची मुलगीही येते पार्टीला. तिच्यासाठी तो पाऊच मोठी गोष्ट असते. तुमच्या तत्त्वापायी तिचा आनंद का घालवायचा?" हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. त्या मुलीला तो पाऊच खरोखर आवडतो, ती तो जपून वापरते, चेन तुटली तरी पिन लावून वापरते.

पण पिशवी एकदा रूढ झाली की तिचा हिशेब त्या मुलीच्याही घरी पोचतो. आमच्याकडे पूर्वी कामाला येणाऱ्या मावशींनी लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला उचल मागितली. मला वाटलं केकसाठी असेल. केक त्यांनी वस्तीजवळच्या बेकरीत सांगितलाही होता आणि त्याचे पैसे होते त्यांच्याकडे. उचल हवी होती ती पिशव्यांसाठी. "पंधरा पोरं हायेत ताई. ही समद्यांकडून घेऊन आली, आता हिच्याकडचं काय न्हाई दिलं तर पोरी हिला हसतील." केक, वेफर आणि फुगे एवढ्यात जो वाढदिवस पगारात बसत होता, तो पिशव्यांनी पगाराबाहेर नेला. ज्यांना तीन हजार जाणवत नाहीत त्यांनी पाडलेली रीत अशीच खाली उतरते, आणि ज्यांना ती परवडत नाही त्यांना ती मोडताही येत नाही. त्यांनी मोडली तर त्याला गरिबी म्हणतात, आपण मोडली तर साधेपणा. त्या मुलीला काही द्यायचं असेल तर तिच्या वाढदिवसाला तिच्या घरी जाऊन चांगलं दप्तर द्यावं. आपल्या मुलालाही सोबत न्यावं, आणि तिथे मिळेल तो केक त्यानं बसून खावा.

पुस्तकं देणाऱ्या पालकांबद्दल मला आदर आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं, किंवा बालभारती १९७१ पासून काढत असलेल्या 'किशोर'चा एखादा अंक मुलाच्या हाती पडणं कधीही चांगलंच. पण एकाच पुस्तकाच्या वीस प्रती वीस मुलांना देणं हे पुस्तक देणं नव्हे, वाटप आहे. एकाला अजून अक्षरं जुळवता येत नाहीत, दुसऱ्यानं ते दोन वर्षांपूर्वीच वाचलंय, तिसऱ्याकडे तीच प्रत आहे. पुस्तक द्यावं ते त्या एका मुलाकडे बघून, त्याच्या वाढदिवसाला, आत त्याचं नाव घालून.

थांबवायचं कसं, याचा अनुभव आपल्याकडे आहे. लग्नपत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापायला सुरुवात झाली तेव्हा कुणी ते खरं मानलं नाही. "लिहायची पद्धत असते तशी" म्हणत लोक पाकिटं घेऊन जातच राहिले, आणि यजमान ती "अहो कशाला" म्हणत घेतच राहिले. जिथे पाकीट हातात परत दिलं गेलं, तिथेच ती ओळ खरी ठरली. वाढदिवसाच्या मेसेजमध्ये म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वेळी लिहाव्यात: भेट आणू नका, आणि रिटर्न गिफ्ट नसेल. नुसती पहिली लिहिली तर लोक भेट आणतील, नुसती दुसरी लिहिली तर कंजूष म्हणतील. भेटीशिवाय वाढदिवस अगदीच ओका वाटत असेल तर आणलेल्या भेटी सगळ्यांसमोर, गोल बसून, देणाऱ्याला शेजारी बसवून उघडाव्यात. आणि पिशव्यांच्या तीन हजारांतले पाचशे बोरं, चुरमुरे, चिक्की, गोळ्यांवर घालून मुलांना एकदा मनसोक्त लुटू द्यावं. वाढदिवसाच्या मुलानं स्वतः चिवड्याच्या बशा फिरवाव्यात. सांडेल थोडा, सांडू दे.

हे सगळ्यांनी एकदम करायची वाट बघितली तर कधीच होणार नाही. आपल्या सोसायटीत ज्यांच्या घरी गेल्या वर्षी सगळ्यांत भारी पिशव्या वाटल्या गेल्या, त्यांनी यंदा आधी थांबावं. त्यांना कुणी कंजूष म्हणणार नाही, आणि त्यांच्यामागून बाकीच्यांना थांबता येईल.